पहाडामागं कुठंतरी
गरम प्लास्टिकचा वास आला की मला कुडव्याचं आत्याचं घर आठवतं. दिवाळीच्या सुट्टीत मी बिरसीहून तिथं जायचे ती आतेभावासोबत टीव्हीवर रणगाड्यांचा गेम खेळायला. तासाभरात गेमचा डबा तापून तसाच वास यायचा. सारं जग एका पडद्यावर मावायचं. एक रणगाडा त्याचा, एक माझा. मी रोज हरायचे, पण दिसायचे तरी. एका वर्षी मात्र त्याच्याकडे कॉम्प्युटर आला होता आणि त्यात शहर, समुद्र, पहाड असलेला भलामोठा गेम. "याच्यासमोर तो जुना कचरा आहे," तो म्हणाला आणि त्याच जुन्या गेमचा रिमोट त्यानं माझ्या हातात दिला. पडद्यावर एकच माणूस धावत होता, त्याचा. मी कुठं आहे, विचारलं. "तू त्या पहाडाच्या मागं आहेस. बहुत मोठं जग आहे ना यात. बटन दाबत राय, येशीन." मी दुपारभर दाबलं. अंगठ्याला फोड आला. मग आत्या झाडायला आली आणि टेबलामागून माझ्या रिमोटची वायर झाडूसोबत बाहेर आली. ती कशालाच जोडलेली नव्हती. "राहू दे ना मम्मी," तो हळूच म्हणाला, "चुपचाप खेळून राहिली आहे." आत्या माझ्याकडे बघून हसली आणि तिनं पायानं वायर परत आत सारली. मी ते पाहिलं, तरी बटन दाबतच राहिले. थांबले असते तर दोघं मोठ्यानं हसली असती. आता भाचा कौतुकानं सांगतो, नव्या गेमचं जग महिनाभर फिरलं तरी संपत नाही. मी म्हणते, आधी त्यात मी कुठं आहे ते दाखव.