पिंपळनेरचा चहा

चूक झाली की माणसं ती विसरतात, लपवतात, नाहीतर दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. पण आपली चूक कबूल करायला पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात डझनभर केळी घेऊन, दोन-दोन बस बदलत समोरच्याच्या दारापर्यंत जाणारा माणूस मी अख्ख्या खानदेशात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. राहणार सावदा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिथल्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. काचेच्या नळ्या धुवायच्या, तराजूची इवलीशी वजनं चिमट्यानं उचलायची, आणि एखाद्या विद्यार्थ्यानं ती बोटांनी उचलली तर दिवसभर हळहळायचं, असा त्यांचा जन्म गेला. रविवारी मात्र ते डोक्यावर पांढरी टोपी चढवून क्रिकेटचे पंच व्हायचे. तिथंही वजनं चिमट्यानंच उचलायचे म्हणा ना.

आमच्याकडच्या स्पर्धांना गेल्या दहा-बारा वर्षांत भलताच थाट आला आहे. मंगल कार्यालयात पडद्यावर फोटो दाखवून खेळाडूंचा लिलाव होतो, केळीचे व्यापारी आणि प्लॉटवाले संघ विकत घेतात, मालिकावीराला मोटारसायकल मिळते, आणि काल-परवापर्यंत वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून येणारा गडी लिलावानंतर काळा चष्मा लावून उघड्या जीपमधून मैदानात उतरतो. या सगळ्यात मामा येण्याजाण्याचं भाडं तेवढं घ्यायचे. संयोजकांनी पाकीट पुढं केलं की म्हणायचे, "नको भो. पैशे घेतले का बोट जड होतं." खेळाडू किती लाखांचा किंवा किती कोटींचा, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं; बाद झाल्यावर तो कसा चालत परत जातो, एवढंच ते बघायचे. हा नियम टीव्हीवरच्या खेळाडूंनाही लागू होता. एखाद्या कोट्यधीश फलंदाजानं पंचाकडे डोळे वटारले की मामा उठून टीव्ही बंद करायचे. गुन्हा किरकोळ असेल तर एक षटक, बॅट आपटली तर अख्खा सामना. त्या खेळाडूला याचा पत्ता नसायचा. शिक्षा भोगायचे ते घरचे. एकदा अंतिम सामना ऐन रंगात आला असताना घरातली यच्चयावत माणसं शेजारी जाऊन बसली होती, आणि मामा बंद टीव्हीसमोर एकटेच, पण समाधानानं, पेपर वाचत होते.

आता त्या केळ्यांबद्दल. सामना संपला की मामा दोन-तीन दिवस आपले निर्णय मनात घोळवायचे. एखादा खटकला की पुढच्या रविवारी त्या खेळाडूचं घर गाठायचं, केळी पुढं ठेवायची आणि सांगायचं, "तुले पायचीत देल्लं, ते मी चुकलो." मग घरच्यांनी चहा केला की मामांच्या लेखी प्रकरण मिटलं. चहा म्हणजे माफी, असा त्यांचा साधा हिशेब. पहूरला एका गोलंदाजाच्या आईला वाटलं, हा टापटीप म्हातारा मुलीचं स्थळ घेऊन आला. तिनं शेजारणीला हाक मारून पोहे टाकायला लावले, मुलाला दाढी करायला पिटाळलं, आणि "मुलगी किती शिकलीय?" असं विचारलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "मुलगी नाई. तुमच्या पोराचा एक नोबॉल हाये." पोहे मात्र त्यांनी पूर्ण खाल्ले; मान राखायचा म्हणून. पुढं पुढं तर "माझ्याकडे मामांचा दोनदा चहा झाला" असं मिरवणारे महाभागही निघाले.

एकाच घरी त्यांना चहा मिळाला नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळ्याच्या मैदानावर लेदर बॉलची मोठी स्पर्धा होती. पिंपळनेरचा एक डावखुरा फलंदाज तेव्हा इतका चमकत होता, की त्याला बघायला शहरातल्या एका व्यावसायिक संघाची दोन माणसं खास आली होती. मीही प्रेक्षकांत होतो. घर जवळ, आणि मामा आमच्याकडेच उतरलेले. डावखुरा छान खेळत होता. एक चेंडू त्याच्या बॅटीच्या कडेजवळून यष्टिरक्षकाकडे गेला, अपील झालं, आणि मामांचं बोट वर गेलं. तो हललाच नाही. आधी बॅट दाखवली, मग हातवारे केले, मग बॅट भिरकावून दिली. सगळं मैदान त्याच्या बाजूनं ओरडू लागलं. शहरातली माणसं उठून गेली, ती गेलीच. संध्याकाळपर्यंत कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण सगळीकडे फिरलं. त्यात बॅट आणि चेंडू यांच्यात चांगली बोटभर फट दिसत होती. मामांनी ते माझ्याकडून पाच-सहा वेळा लावून घेतलं. शेवटी म्हणाले, "मले तर टक् असा आवाज आला होता. कान गेले वाटते." पंचाची टोपी त्यांनी त्याच दिवशी कायमची काढली. पुढच्या रविवारी केळी घेऊन पिंपळनेरला गेले. डावखुऱ्याच्या बायकोनं पाणी दिलं. चहा दिला नाही.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ही फेरी ठरलेली. सावद्याहून धुळ्याला यायचं, रात्री आमच्याकडे मुक्काम करायचा, सकाळच्या बसनं पिंपळनेर. मी चिडायचो. म्हणायचो, "मामा, एका निर्णयापायी किती दिवस उंबरे झिजवणार?" ते नुसते केळी पिकली आहेत का ते दाबून बघायचे. डावखुऱ्याला व्यावसायिक क्रिकेटचं बोलावणं कधी आलं नाही. त्यानं पिकअप घेतली आणि भाजीपाला घेऊन सुरतेच्या बाजाराला जाऊ लागला. बाजार गाठायचा म्हणून गाडी बेफाम हाकू लागला. हे कळल्यावर मामांनी या वयात टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघायला सुरुवात केली. ड्रायव्हर माणसाशी बोलायचं तर त्याच्या धंद्यातलं काहीतरी कळायला हवं, हा विचार. मग पिंपळनेरला त्याच्या फाटकात उभं राहून ते पिकअप धुणाऱ्या डावखुऱ्याला सांगायचे, की परवा एका जगज्जेत्यानं वळणावर दुसऱ्याला बाहेर ढकललं, तर त्याला लगेच पाच सेकंदांचा दंड झाला. आणि दुसरा एक इतका पैसा कमावतो, पण चाकं बदलणाऱ्या पोरांना हात केल्याशिवाय जात नाही. "वळणावर जागा सोडत जाय भो," असा समारोप व्हायचा. डावखुरा चाकांवरचा चिखल काढत राहायचा. पाण्याचा तांब्या यायचा. मामा परत यायचे आणि मला सांगायचे, "आज चहा नाई देल्ला. पुढच्या खेपेले देईन तो."

यंदा मामांचा गुडघा पार गेला. त्यातच त्यांनी जळगावला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. यावर मामांनी चक्क वाद घातला. "नीट पाहा साहेब, या कानानं एकाचं नुकसान झालंय." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पुन्हा तपासलं आणि तसा कागदच लिहून दिला. तो कागद खिशात घालून मामा धुळ्याला आले. बसनं जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून पिंपळनेरला नेलं.

डावखुरा पाइप धरून पिकअप धूत होता. मामा काठी टेकत फाटकापर्यंत गेले. केळी माझ्या हातात होती.

"मी चुकलो भो," मामा म्हणाले, आणि कागद पुढं केला. "डाक्टर म्हणतो कान चांगले हायेत. म्हंजे कानाचा दोष नाई, माहाच हाये. तेवढं सांगाले आलो. आता या गुडघ्यानं पुन्हा येनं होईन असं नाई वाटत."

डावखुऱ्यानं कागद वाचला. एकाच बाजूला लिहिलेला होता, पण उलटून दुसरी बाजूही पाहिली. पाइप खाली पडून अंगणभर पाणी वाहत होतं. मग त्यानं जाऊन नळ बंद केला आणि आत हाक दिली, "चहा ठेव वं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

बाजेवर बसल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मामा, बॅटले लागना व्हता. बारीक लागना, पन लागना व्हता. माले मालूम व्हतं."

म्हणजे चेंडू खरंच बॅटीला लागला होता. पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. मोबाइलवरचं चित्रण बाजूनं घेतलेलं होतं, त्या कोनातून फट दिसणारच होती. ते दोन साहेब जाताना त्याला म्हणाले होते, की तुझी फलंदाजी आवडली, हे वागणं नाही आवडलं. पण गाव म्हणू लागलं, पंचानं घात केला. तो गप्प राहिला. आधी रागानं, मग लाजेनं. चहा पाजायचं मात्र त्याच्यानं झालं नाही. माफ कुणी कुणाला करायचं हे ठाऊक असताना कप कसा पुढं करणार?

"मी बठ्ठासले सांगसू, आख्खा गावले," तो म्हणाला.

मामा चहा पीत होते. अगदी शेवटच्या घोटापर्यंत प्याले, मग कप ठेवून म्हणाले, "काई सांगू नको." आणि एकदम काळजीत पडल्यासारखे म्हणाले, "पन मग आता मी कशाले येऊ?"

"चहा पेवाले या ना, मामा," डावखुरा म्हणाला.

परतताना साक्रीला हवा भरायला थांबलो. हवा भरणाऱ्यानं मामांना निरखून पाहिलं. "तुम्ही तेच पंच ना? आमना पिंपळनेरना पोऱ्यानं वाटोळं व्हयनं तुमनामुये." माझं डोकं फिरलं. मी गाडीतून उतरणार, तेवढ्यात मामांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि त्या माणसाला म्हणाले, "हो भो. चूक माहीच होती."

गाडी पुढं निघाल्यावर मी त्यांच्यावर ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले, "त्याले गावात कोनी नुसता ड्रायवर म्हनत नाई. मोठा खेळाडू झाला असता, असं म्हनतात. तेवढं राहू दे त्याच्यापाशी. तू लिहितो-बिहितो, तर कधी लिहिलंच तर नाव गाळून लिही." म्हणून नाव लिहिलेलं नाही, दोघांचंही. धुळं दिसायला लागलं तेव्हा त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "टक् असाच आवाज होता. मले आयकू आला होता." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

मामा अजूनही पिंपळनेरला जातात. आता डावखुराच पिकअप घेऊन धुळ्यापर्यंत त्यांना न्यायला येतो, आणि वळणावर जागा सोडतो असं मामा अभिमानानं सांगतात. पंच म्हणून मात्र त्यांना कुणी बोलवत नाही. मागच्या रविवारी मी सावद्याला गेलो होतो. मैदानावर सामना चालू होता, आणि मामा सीमारेषेच्या बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. बॅटीला चेंडू पुसटसा लागला. गोलंदाजाला कळलं नाही, पंचालाही कळलं नाही. मामांचं बोट गुडघ्यावरून थोडं वर उठलं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं ते हळूच खाली ठेवलं.