पिशवी काढली की सुटका

बाथरूमच्या उंबऱ्यावर अडखळले आणि नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी एवढ्याशानं हाड मोडतं का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी केली आणि विचारलं, "पाळी कधी गेली?"

"गेली नाही, घालवली," मी म्हणाले. अंगावरून फार जायचं, म्हणून छत्तिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली होती. आमच्याकडं ते दाढ काढण्याइतकं सोपं समजतात. त्यांनी जुने कागद मागवले. त्यात लिहिलं होतं, दोन्ही अंडाशयंही काढली. अकरा वर्षांत मी ते वाचलंच नव्हतं. हाडं राखणारं इस्ट्रोजेन तिथंच तयार होतं. ते अवेळी बंद झालं आणि हाडं तेव्हापासून ठिसूळ होत गेली, असं त्यांनी समजावलं. गोळ्या लिहून दिल्या.

मला राग आला तो स्वतःचा. कारण ही शहाणी बाई दर हळदीकुंकवाला बायकांना सांगत सुटायची, "पिशवी काढा, सुटका होते." आणि दौलताबादच्या माझ्या धाकट्या जावेचं तेच ऑपरेशन सोमवारी होतं. वय अडतीस.

हात गळ्यात अडकवून मी सकाळची एसटी पकडली. जाऊ दवाखान्याची पिशवी भरत होती.

"थांब. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"ताई, तुम्हीच म्हनल्या ना, सुटका होती म्हनून? आता मलाच नाय म्हन्ता व्हय? लई तरास हाय मला."

तिचं खरं होतं. मी चुकले, असं तिला तोंडावर सांगितलं. तरी ती दोन तास ऐकेना. मीही हलले नाही. शेवटी तिला घेऊनच शहरात आले. तपासणीत तिच्या गर्भपिशवीतल्या गाठी लहान निघाल्या. आधी औषधं घेऊन बघू, ऑपरेशन लागलंच तरी अंडाशयं ठेवता येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोमवार टळला.

परत जाताना तिनं विचारलं, "ताई, अजून कुनाकुनाला सांगितलं व्हतं तुम्ही?"

संध्याकाळी मी अजिंठ्याला माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला फोन लावला. तिची पिशवी काढून चार वर्षं झालीत. म्हटलं, "उद्या हाडं तपासायला ये. नाही आलीस तर मी न्यायला येते."

"मला काय धाड भरली?" ती हसली.

मला हसू येईना. ऑपरेशनच्या वेळी ती घाबरून नको म्हणत होती. हाताला धरून तिला आत नेणारी मीच होते.