पिशवीतली रिकीब

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी पायाकडं. पाहुणा दारात आला की यांची नजर खाली. बूट कसला, टाच केवढी, तळ किती जाड, हे बघून झालं की मग "या, बसा." नव्या माणसाला वाटायचं, आपल्या पायाला शेण लागलंय की काय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. आम्ही नायगावकडचे, अक्काला दिली देवणीकडं. मी चौथी शिकलेला माणूस, पण जे डोळ्यानं बघितलं तेच लिहितोय. कुणाला पटो न पटो.

दाजींच्या दारात घोडी कायम असायची. जवानीत घोडीवर बसून, भाला घेऊन रानडुकराच्या मागं जायचे. पुढं शिकारीला बंदी आली, डुकरं मात्र वाढली. काळ्या रानात मोटारसायकल रुतते, म्हणून ज्वारी राखायला घोडीच बरी. ऐन थंडीत पहाटे उठून शेताला फेरी मारायची, आरडाओरडा करून डुकरं हुसकायची. "पहिलं आम्ही डुक्कर आणून खायचो, आता डुक्कर आमचं खाऊन राहिलंय," असं हसून सांगायचे.

एकुलता एक पोरगा माधव फेरी मारायला लागला, तेव्हा थंडीनं त्याच्या टाचा फुटून रक्त यायचं. दाजी लातूरला गेले आणि बूट घेऊन आले. आतून लोकरीचे, बाहेरून जाड, तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा. शिकारीचे बूट आहेत, बर्फातसुद्धा पाय गार पडत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. शिकारीचे म्हटल्यावर दाजी खूश. मी त्या वेळी तिथंच होतो. "मेव्हणे, हात घाला आत. कोंबडीच्या पंखाखाली घातल्यावानी हाय का न्हाई?"

होतं तसंच.

त्याच थंडीत एका पहाटे ज्वारीतून डुक्कर उसळलं. घोडी बिथरली, माधव पडला. पाय सुटला असता तर कमरेला मार लागून निभावलं असतं. पण तो रुंद, खाचांचा बूट रिकिबीत अडकला. रिकीब म्हणजे स्वार पाय ठेवतो ते खोगिराचं लोखंडी कडं. घोडीनं त्याला विहिरीपर्यंत फरफटत नेलं. दाजी पोचले तेव्हा घोडी उभी होती आणि पोराचा पाय अजून वरच होता. विळ्यानं बूट कापून सोडवावा लागला. मी संध्याकाळी गेलो, तर दाजी मला एवढंच म्हणाले, "मेव्हणे, पाय आतून गरम होता."

तेव्हापासून ती रिकीब त्यांच्या पिशवीत आली. बाजाराला जावो की सोयरिकीला, पिशवीत रिकीब. घोडीवर बसणारा कुणी दिसला की त्याला थांबवायचे, बूट रिकिबीत घालायला लावायचे. "घालता कुणालाबी येतो. झटक्यात काढून दाखव." एकदा वरातीत नवरदेवाला खाली उतरवलं. त्याच्या पायात जाड तळाचे पांढरे बूट. वऱ्हाडी खवळले, "ओ काका, नवरदेव लग्नाला चालला, लढाईला न्हाई!"

"हाव, पण घोडीला कुठं पत्रिका दिली तुम्ही?" दाजी म्हणाले. बूट बदलल्यावरच वरात हलली.

अक्काला हे सोसायचं नाही. "लेकराचा जीव घेतलेलं लोखंड ते. फेका की मांजरा नदीत!" दाजी पिशवी खुंटीला लावायचे नाहीत, उशाला घ्यायचे.

पुढं दाजींना शुगर निघाली. पाय बधिर झाले, काटा मोडला तरी कळेना. डॉक्टरनं बजावलं, घोडी बंद, आणि पायात सदा मऊ, गरम बूट पाहिजे. नाहीतर पाय जाईल. घोडी काही ते सोडेनात. मग मी त्यांना घेऊन लातूर पालथं घातलं, नांदेडही बघितलं. गरम बूट असला की रुंद, रिकिबीत अडकायचा. सहज निघणारा असला की पातळ, थंडगार. एका दुकानात लोकरीचा बूट जरा निमुळता मिळाला. मी रिकीब धरली, त्यांनी पाय घातला. निघेना. ऐन थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. "काढा, काढा मेव्हणे!" दुकानातली माणसं बघत राहिली.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "दाजी, घोडी तरी सोडा न्हाईतर ही रिकीब तरी सोडा. पाय जाईल तुमचा."

"घोडीनं काय केलं? बूट मी आणले होते."

 

ती थंडी त्यांनी पातळ चामड्याच्या, टाचेच्या बुटावर काढली. पायाची बोटं काळी पडली, मग लातूरच्या दवाखान्यात घोट्याच्या वर पाय कापला. मी भेटायला गेलो. दाजींनी आधी माझ्या चपलांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "या मेव्हणे. आता अडकायची भीतीच मिटली." मी हसलो, कारण ते हसत होते. पुढच्या साली ज्वारी पोटऱ्यात यायच्या आत दाजी गेले.

दिवस झाल्यावर घोडी विकायची ठरली. मीच उदगीरकडचं गिऱ्हाईक आणलं. माणूस चांगला, घोडीला हात लावायची रीत बरोबर. अक्का चहा घेऊन बाहेर आली, त्याच्या पायाकडं बघितलं आणि चहा तसाच ओट्यावर ठेवून आत गेली. आली ती पिशवी घेऊन. रिकीब काढली, दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"घाल पाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं बूट आत घातला.

"आता काढ," अक्का म्हणाली. तो ओढत राहिला. बूट निघेना.

"घोडी न्हाई द्यायची," अक्का म्हणाली. "दुसरे बूट घालून ये, मग बघू."