उपाशी गोधडी

गयाबाईंच्या हातात कुणीही गोधडी दिली, की त्या ती आधी पालथी करायच्या. वरचे रंग, चौकटी, मधलं फूल यातलं काहीही त्या बघत नसत. पाठीवरून सावकाश हात फिरायचा, एखाद्या टाक्यावर अंगठा थांबायचा आणि तोंडातून एकच शब्द यायचा, "उसव." शिवणारी बाई लेकरू काखेत घेऊन उन्हातून आलेली असली तरी शब्द बदलायचा नाही. कुणी धीर करून म्हणालंच, की वरून तर छान दिसते, तर उत्तर ठरलेलं होतं, "पोट तर भिकारी बी दाखवतो बाई. पाठ दाखव."

पहिल्या भेटीत त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. आम्ही मारवाडी, पण जालन्यात कापडाचं दुकान इतक्या पिढ्यांचं, की राजस्थान आम्हाला आता फक्त लग्नपत्रिकेपुरता आठवतो. सासरे गल्ल्यावर बसायचे आणि मी आतल्या बाजूला उरलेल्या तुकड्यांचे रंग जुळवत बसायचे. मला तेव्हा गोधड्यांचा नाद लागला होता. केदारखेड्याहून एक उंच, काळीसावळी बाई चिंध्यांचं बोचकं मागायला आली आणि माझ्या जुळणीपुढे उभी राहिली.

"भाभी, ह्ये तुमी केलं?"

मी जरा फुशारकीनंच हो म्हटलं.

"रंगाचं डोकं हाय तुमाला. हात मातर बिलकुल न्हाई."

ओळख ना देख, आणि हे ऐकवून बाई मोकळी. मला राग आला आणि त्याच रागात मी तिला चहा पाजला. आमचा धंदा तिथून सुरू झाला. रंग मी जुळवायचे, मांडणी गयाबाईंची, आणि शिवायला केदारखेड्यापासून घनसावंगीपर्यंतच्या बायका. पहिल्या प्रदर्शनाला गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली. त्यावर आम्हा दोघींच्या नावांखाली ‘डिझायनर’ असं छापलेलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, नक्षी ठरवणारी. "मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या, "ठरवते मी, मरत्या बाकीच्या." कार्ड त्यांनी घरी नेऊन देवळीत लावलं.

अशा बाईबद्दल लिहिताना वरून फणस आणि आतून गरे असं म्हणायची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. मी गयाबाईंबरोबर पुष्कळ वर्षं काढली, आणि फणस आतूनही काट्यांचाच निघाला. तरी त्यांची आठवण आली, की मला आजही कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला त्यांच्या तोडीचं कुणी सापडत नाही.

शहरांतल्या दुकानांना माल दाखवायला आम्ही तिघी जायचो. मी, गयाबाई आणि गठ्ठे उचलायला त्यांची सून सविता. सविताची आई ती लहान असतानाच गेलेली. लग्नात ती आईचं एक जांभळं लुगडं तेवढं ट्रंकेत घालून आली होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि त्यापलीकडे फारसं बोलायची नाही. बोलायला जागाच नव्हती.

पुण्यात एका मोठ्या दुकानाच्या तरुण मालकानं आमच्या गोधड्या काचेच्या टेबलावर पसरल्या. त्याला त्या आवडल्या, पण टाके फार सरळ वाटले. "थोडे वाकडेतिकडे चालतील," तो मला म्हणाला, "गिऱ्हाइकाला हातानं केल्यासारखं वाटलं पाहिजे."

गयाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "वाकडं चालायला तुमी लंगडा गडी ठेवता का दुकानात?"

तो हसला. त्याला ती गंमत वाटली असावी. मग गयाबाई मागे वळल्या आणि दाराशी गठ्ठ्यावर बसलेल्या सविताला भर दुकानात म्हणाल्या, "ऊठ गं. तुझ्या लायकीचं काम आलंय."

सविता उठली आणि घड्या घालू लागली. तिचे टाके तेव्हाच आमच्यातल्या बहुतेकींपेक्षा बारीक होते. हे गयाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि सविताला माहीत नव्हतं, कारण ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे त्याच दुकानातून फोन आला. गोदामात उंदरांनी आमच्या गोधड्या कुरतडल्या होत्या, आणि प्रत्येक गोधडीचा फक्त एकच कोपरा. बाजूच्या दुसऱ्या कुणाच्याही मालाला उंदीर शिवले नव्हते. जालन्याच्या गोधड्यांत असं काय आहे, असं मालक मला विचारत होता. मी तडक केदारखेड्याला गेले.

"घास हाय," गयाबाई म्हणाल्या. जसं काही मी गोधडीत दोरा का आहे असं विचारलं होतं.

त्यांच्या घरची रीत होती ती. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा एक घास घालायचा. घास नसलेली गोधडी उपाशी राहते, आणि जो पांघरतो त्यालाच हळूहळू खाते. आम्ही एवढी वर्षं पुण्यामुंबईच्या दुकानांतून भाकरीचे तुकडे विकत होतो, आणि ते माझ्याखेरीज सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

मी समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "लोकाच्या अंगावर उपाशी गोधडी मी टाकणार न्हाई. मंग ते पुण्याचे असू द्या न्हाईतर कुठले." जिवंत माणसाला त्या उठता बसता घालूनपाडून बोलत, आणि न पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या जिवासाठी धंदा बुडवायला तयार होत्या. अखेर तडजोड झाली. भाकरी गुंडाळायच्या फडक्याची एक चिंधी, गाठ मारून, कोपऱ्यात. "वास तरी लागंल तिला," म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात अंगठ्याला बारीकशी गाठ लागते. लोकांना ती शिवणीतली चूक वाटते.

आता दिल्लीचं सांगते. ते मोठं प्रदर्शन होतं. देशभरातले दुकानदार तिथे येऊन वर्षभराचा माल ठरवतात. सवितानं त्या वर्षी, सगळं काम उरकून उरलेल्या वेळात, स्वतःची एक गोधडी शिवली होती. आईचं जांभळं लुगडं तिनं त्यात घातलं होतं. गयाबाईंच्या चौकटी तिनं घेतल्या नव्हत्या. उन्हाळ्यात पूर्णा नदीचं कोरडं पात्र वळत जातं, तशा लांब पट्ट्या एका कडेहून दुसऱ्या कडेला गेल्या होत्या. गठ्ठ्याच्या तळाशी ठेवून तिनं ती आणली, आणि गयाबाई चहाला गेल्या तेव्हा मीच ती पुढे टांगली.

बंगळूरच्या एका दुकानाची बाई गल्लीतून जात होती, ती थांबली. आमच्या बाकीच्या मालाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ही कुणी केली, असं तिनं हिंदीत विचारलं. मी सविताकडे बोट दाखवलं. त्या बाईनं सविताचे दोन्ही हात हातात घेतले. असलं काम आणखी कर, मी सगळं घेईन, दुकानात तुझ्या नावानं लावीन, असं म्हणाली. सविताचा चेहरा मला अजून दिसतो. लाजणंसुद्धा तिला नीट जमत नव्हतं, सवयच नव्हती.

तेवढ्यात गयाबाई आल्या. त्यांनी गोधडी खाली काढली, पालथी केली, हात फिरवला. हात बराच वेळ फिरत राहिला, कारण त्याला थांबायला काही सापडत नव्हतं. मग तो उगाचच एके ठिकाणी थांबला.

"उसव."

"गयाबाई, राहू द्या," मी म्हटलं. "मला तर काही दिसत नाही."

"तुमाला कवा दिसलं, भाभी? सविते, उसव. आत्ता."

जुन्या लुगड्याचं कापड एकदाच टाके घेतं. उसवायला लागलं की ते दोऱ्याबरोबरच येतं. हे गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईला कळतं, आणि गयाबाईंना तर नक्कीच कळत होतं. सविता स्टॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि ब्लेडनं उसवू लागली. एकेका टाक्याबरोबर जांभळं कापड विरत गेलं. बंगळूरची बाई जरा वेळ उभी राहिली, काहीतरी पुटपुटली आणि पुढच्या स्टॉलकडे गेली. सविता रडली नाही. उरलेल्या चिंध्या तिनं पदरात गोळा केल्या.

परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी गयाबाईंना म्हटलं, तुम्ही आज पाप केलंत.

त्या शेंगा सोलत होत्या. "तिची गोधडी माझ्यापरीस चांगली व्हती," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग?"

"मंग काय? म्हणूनच. एका घरात दोन मालकिणी नांदत न्हाईत, भाभी. आज तिचं नाव लागलं, तर उद्या मला कोण विचारून राह्यलं? माझ्या सासूनं तर ओल्या बाळंतपणात माझ्याकडून आख्खी गोधडी उसवून घेतल्ती. मी मेले का?"

काही बायका सोसलेलं विसरतात. काही ते घडी घालून ठेवतात आणि सून आली की तिच्या अंगावर टाकतात. मी पुढे जालन्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वरच्या बर्थवर सविता जागी होती की नव्हती, हे मला कळलं नाही.

त्यानंतर सविता पुष्कळ वर्षं फक्त सासूच्या चौकटी शिवत राहिली. स्वतःचं असं तिनं काही केलं नाही. मी एकदा तिला जांभळं नवं कापड दिलं. तिनं ते घेतलं, आणि महिन्याभरानं त्याच्या चौकटी कापून मला परत आणून दिल्या.

मग गयाबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. जो हात सगळ्यांच्या पाठी तपासायचा तो मांडीवर पडून राहू लागला. प्रदर्शनांना मी आणि सविता जाऊ लागलो. सविता त्यांना न्हाऊमाखू घाली, भरवी, कूस बदलून देई. त्यात कुठेही खोट काढता आली नसती. तिच्या शिवणासारखीच सेवाही बारीक टाक्यांची होती, आणि तितकीच मुकी.

थंडी सुरू झाली तेव्हा गयाबाई तिला म्हणाल्या, "मला एक शिव. तुझ्या हातची."

मी त्या दिवशी नव्या मागणीचे रंग घेऊन केदारखेड्याला गेले होते, म्हणून मला पाहायला मिळालं. सवितानं गोधडी आणून खाटेवर टाकली. चौकटी नव्हत्या. लांब पट्ट्या होत्या, एका कडेहून दुसऱ्या कडेला वळत गेलेल्या.

"पालथी कर," गयाबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण हुकूम तोच.

सवितानं पालथी केली. डावा हात पाठीवरून फिरू लागला. सरावाचा नव्हता, अडखळत फिरला. कोपऱ्याजवळ आला आणि अंगठा थांबला. तिथे एक टाका लांब पडला होता, इतका लांब की माझ्यासारख्या बिनहाताच्या बाईलाही दिसावा. आता तो शब्द येणार म्हणून मी वाट पाहत राहिले. सविता खाटेच्या पायथ्याशी उभी होती, एक हात कमरेवर ठेवून.

अंगठा पुढे सरकला, कोपऱ्यावर आला, दाबला. पुन्हा दाबला. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. सगळे कोपरे सपाट होते, गाठ कुठेच नव्हती. गयाबाईंनी मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. त्या बाईच्या डोळ्यांत मी भीती तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"उसवू का, आत्याबाई?" सवितानं विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

गयाबाईंनी डाव्या हातानं गोधडी सुलटी ओढली आणि हनुवटीपर्यंत घेतली.

"न्हाई. राहू दे. बराबर हाय."

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या, त्याच गोधडीत. दिवस झाल्यावर त्यांचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायचं होतं. शेजारची एक म्हातारी गोधडी घ्यायला आली. तिनं कोपरे चाचपले, गोधडी ओट्यावर ठेवली आणि तशीच निघून गेली. गयाबाईंनी सगळ्या गावाला कोपरे चाचपायला शिकवून ठेवलं होतं.

सविता ती घडी करू लागली. मी तिला म्हटलं, "घास घालायचा विसरलीस का गं?"

तिनं कमरेला खोचलेली एक चिंधी काढली. भाकरीच्या फडक्याची होती, गाठ मारलेली, घामानं मळलेली.

"विसरंन कशी, भाभी. तवापासून हितंच हाय. कोपऱ्यापाशी टाका मुद्दाम लांब टाकल्ता मी. त्यांना दिसला बी. नुसतं उसव म्हणल्या असत्या, तर तिथल्या तिथं उसवून घास घातला असता." तिनं चिंधी मुठीत धरली. "जलमभर उसव म्हणल्या. तवाच कशा न्हाई म्हणल्या?"

मी गोधडी तिच्या हातातून घेतली, पालथी केली, आणि तो लांब टाका शोधू लागले.