खाडीत नदीची अक्कल

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. लेकीकडे परदेशात, पोरिरुआला सहा महिने राहायला गेलो होतो. लेक-जावई सकाळी वेलिंग्टनला कामाला, नात शाळेत, मी घरात. जन्मभर टेम्पो चालवलेला माणूस, दुसरी नापास, बसून राहायची सवय नाही. दहा वाजेपर्यंत दारापासून लेटरबॉक्सपर्यंत माझ्या चाळीस फेऱ्या व्हायच्या. समोरची म्हातारी एकदा विचारायला आली, काही हरवलंय का? न कळताच मी मान हलवली. मग ती बिचारीही माझ्यासोबत गवतात शोधायला लागली.

नात नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत, तेही एका शब्दाचं. 'शाळा कशी होती?' 'गुड.' 'जेवलीस का?' 'येप.' तीन महिने हेच. परत जायच्या आधी एकदा तरी तिनं आपणहून म्हणावं, चल आबा, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून एका शनिवारी थाप मारली. खाडीवर कयाक भाड्यानं मिळायचे. लोक पुलाखालून आत जाऊन काठाकाठानं गाव बघत फिरायचे. काठावर उभी राहून नात त्यांच्याकडे टक लावून बघत होती. म्हटलं, 'हे काय! आम्ही गावाला नदीत होड्या हाकायचो.' खरं म्हणजे मी नदीत पोहलो ते पाठीला भोपळा बांधून, आणि होडीत बसलो ते एकदाच, पलीकडच्या गावात लग्नाला जाताना. पण तिनं मान वर केली. 'रिअली?'

झालं. लेक म्हणाली, 'आबा, नक्की जमेल ना?'

'अगं, पाण्यातच वाढलोय मी.'

म्हशीही पाण्यातच वाढतात, त्यांच्या हातात कुणी वल्हं देत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

कयाकवाला भला माणूस. 'किया ओरा' म्हणून तिथला रामराम केला, जॅकेटं बांधली, पाण्याकडे बोट दाखवून बरंच काही सांगितलं. मी प्रत्येक वाक्याला 'येस, येस'. नात ऐकायला थांबली होती, तिलाही ओढलं. 'चल गं, मला माहितीये.' माझं गणित तयार होतं. पाणी पुलाखालून समुद्राकडे चाललेलं. नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल, आधी धारेच्या उलट जावं, दमल्यावर परत येताना धारच आणून सोडते.

'येताना वल्हं उचलायचंसुद्धा नाही,' मी ऐटीत सांगितलं.

दीड तास मर मर वल्हवलं. पूल मागे पडला. आत घरं पार पाण्यापर्यंत आलेली, एकजण पायरीवर पाय सोडून चहा पीत होता. 'लुक, आबा,' नात म्हणाली. मी कुठला बघतोय! मला पुढचं वळण पाहिजे, मग त्याच्या पुढचं. शेवटी तिला भूक लागली तेव्हा वाळूवर उतरलो, चिवडा खाल्ला.

परत निघालो. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. 'आता बघ मजा.'

मजा अशी, की कयाक मागे जायला लागला. पाणी फिरलं होतं, समुद्रातून आत येत होतं. आमच्या नदीनं जन्मात असं केलं नाही. भरती-ओहोटी ऐकून माहीत होती, पण ती अशी पुलाखालून गावात शिरते हे कुणी सांगितलं असतं तर... सांगितलंच होतं की. मी येस येस करत होतो.

भर धारेत, मधोमध, वेड्यासारखा वल्हवायला लागलो. पाण्यात बांधून ठेवलेलं तेच लाल पिंप तीनदा भेटलं.

'आबा, वी आर गोइंग बॅकवर्ड्स.'

'अशी पद्धत असते.'

'आबा.' आवाज बारीक झाला. 'डू यू नो हाऊ टू डू धिस?'

एवढं इंग्रजी मला येत होतं. पुढे बसलेल्या तिच्या मानेकडे बघितलं. लेकीचं एकुलतं पोर माझ्या थापेवर तरंगत होतं.

'नाही,' म्हटलं. 'नाही येत. होडीत एकदाच बसलोय, तेही लाडू खायला जाताना.'

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती.

'ओके. गो टू द एज.' काठाला धार कमी असते, शाळेत शिकवलं होतं तिला. काठाला लागल्यावर तिनं जागा बदलायला लावली, कारण मागे बसतो तो वळवतो. 'लेफ्ट, आबा! द अदर आर्म!' मी काही बोलायला तोंड उघडलं की, 'पॅडल!' पुलापाशी तर खाली उतरलो आणि कडेच्या गुडघाभर पाण्यातून, म्हैस ओढावी तसा कयाक दोरीनं ओढला. माझी एक जांडल, म्हणजे तिथली रबरी चप्पल, खाडीनं ठेवून घेतली.

कयाकवाल्यानं विचारलं, कसं झालं? मी बोलायच्या आत नात म्हणाली, 'ही इज हीप्स बॅड.' म्हणजे ढीगभर वाईट. तो पोट धरून हसला. मी एका जांडलवर उभा. वाटलं, गेली पोरगी हातची.

ती जॅकेटचा पट्टा सोडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'नेक्स्ट टाइम आय सिट ॲट द बॅक फ्रॉम द स्टार्ट. ओके, आबा?'

'ओके,' म्हटलं. 'नेक्स्ट टाइम म्हणजे उद्या का?'