पऱ्हाट्यांच्या राखेचं गणित

त्या साली आमच्या सहकारी साखर कारखान्यात उसाचं एक कांडंही आलं नाही. जो काही ऊस उभा होता तो चारा छावण्यांत गेला आणि गुरांनी त्याची साखर न करता तो संपवला. तरीही बॉयलरचं अग्निप्रदीपन रीतसर झालं. नारळ फुटला, चेअरमन पाऊण तास बोलले. सारांश असा की ऊस नसला तरी बॉयलर आहे, बॉयलर आहे म्हणजे वाफ आहे, आणि वाफेवर वीज करून विकता येते. जाळायला पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात उरलेली झाडं, आणि सोयाबीनचं भुसकट. नांदूरघाटाकडून, मांजरसुंब्याकडून भरलेले ट्रॅक्टर येऊ लागले.

मी तेव्हा नवा केमिस्ट होतो, प्रोबेशनवर. पुण्याहून एम.टेक. करून आलो होतो आणि कोणी विचारलं नाही तरी हे सांगत होतो. माझा विषय होता राख. जळणात पोटॅश किती, सिलिका किती, क्लोरीन किती हे संगणकाला सांगायचं. मग तो सांगतो की किती तापमानाला त्या राखेचा किती भाग वितळेल. वितळलेली राख बॉयलरच्या नळ्यांवर चिकटते, थिजते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखी दगड होऊन बसते. हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं, की भट्टीतलं सगळं शांतपणे स्थिरावलेलं आहे. आमच्या कारखान्यात तोवर मी काहीच स्थिरावलेलं पाहिलं नव्हतं, पण मला ते खटकलं नाही.

गणितासाठी नमुने मी वजनकाट्यावर घेत असे. ट्रॅक्टर तिथे थांबायचाच, आणि बाजूला एक लिंबाची सावली होती. निकाल उत्तम आला. बॉयलर ज्या तापमानाला चालवायचा होता, तिथे राख वितळण्याचं काही कारण नव्हतं. मी तसं लिहून दिलं.

आमचा बॉयलर जे चालवत, त्यांना सगळे मामा म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. भट्टीचं छोटं दार उघडायचं, डोळे बारीक करून जाळाचा रंग बघायचा आणि हवा कमी-जास्त करायची, ही त्यांची पद्धत. भट्टीचं तापमान दाखवणारा काटा तेव्हा बंदच होता, नवा मागवला होता, तो वाटेत होता. मामांना त्याची उणीव भासत नव्हती. एकदा त्यांनी थंड झालेली राख चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली आणि मला म्हणाले, "राख खारट लागायली सायेब. पऱ्हाटीची राख अशी नसती."

मी हसलो. राख चाखून बघणारा माणूस मी पुस्तकात पाहिला नव्हता.

पंधरा दिवसांत नळ्यांमधली वाट बुजली. बॉयलर बंद करून थंड होऊ द्यावा लागला आणि माणसं छिन्नी-हातोडे घेऊन आत शिरली. आठवडाभर ती दगड फोडत होती. बाहेर काढलेल्या ढिगाकडे बघून एक संचालक म्हणाले की परळीच्या वीजकेंद्राची राख विटांना जाते, आपलीही द्यावी. ती राख नव्हती हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

एम.डी. साहेबांना संध्याकाळपर्यंत कारण लेखी हवं होतं. कारण माझ्याकडे तयार होतं. ठरलेल्या तापमानाला ही राख वितळू शकत नाही; ती वितळली आहे; म्हणजे भट्टी ठरल्यापेक्षा जास्त तापवली गेली. काटा बंद होता, तेव्हा तापमान ठरवणारे डोळे फक्त मामांचे. मी त्यांचं नाव लिहिलं नाही, फक्त पाळी लिहिली. त्या पाळीला तेच असत.

मामांना बॉयलरवरून काढून जळणाच्या यार्डात पाठवलं. सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. अठ्ठावीस वर्षांतला पहिला.

नवा काटा बसला, नवा माणूस आला. तो काट्यावरून नजर हलवत नसे, जेवतानाही. तापमान एकदाही मर्यादेपलीकडे गेलं नाही. आणि पंधराव्या दिवशी नळ्या पुन्हा बुजल्या.

आता माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच मी लिंबाची सावली सोडून यार्डात गेलो, ढिगातून नमुना घ्यायला. मामा पाइप धरून पऱ्हाट्यांवर पाणी मारत होते. धूळ उडू नये, आग लागू नये म्हणून रोज पाणी मारावं लागे. पाणी मारलेल्या काड्या उन्हात वाळल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी पूड होती. मी एक काडी जिभेला लावली. मीठ.

मग मला माझाच कागद आठवला. दुष्काळात थेंब वाया जाऊ नये असं चेअरमन म्हणाले होते, आणि मी उत्साहाने एक टिपण दिलं होतं: बॉयलरचं जड पाणी मऊ करायच्या टाक्या मिठाच्या पाण्याने धुतल्यावर जे खारं पाणी गटारात जातं, ते यार्डात धूळ बसवायला वापरावं. सभेत माझं कौतुकही झालं होतं. महिनाभर रोज आम्ही जळण खारवत होतो, आणि मी नमुने घेत होतो ते खारवण्याच्या आधी. मीठ आणि पोटॅश एकत्र आलं की राख कितीतरी आधी वितळते, हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पाइप हातात आल्यावर कळलं. पाणी वठावर उडालं की."

"मग सांगितलं का नाही?"

मामांनी पाइप दुसऱ्या ढिगाकडे वळवला. "त्या पाण्याच्या कागदावर तुमची सही हाय. तुमचं अजून कायम व्हायचं हाय. माझं काय, सहा-सात महिन्यांत घरी."

मला इतकी लाज वाटली की मी तिथून सरळ संगणकाकडे गेलो. नव्या नमुन्याचे आकडे घातले. गणित मुकाट्याने बरोबर आलं; ते आधीही बरोबरच होतं. दुसऱ्या अहवालात मी सगळं लिहिलं, टिपण माझं होतं हेही. एम.डी. साहेबांनी टिपणाबद्दलचा शेवटचा परिच्छेद गाळायला सुचवलं, जळणाचा दर्जा एवढंच पुरे म्हणाले. मी गाळला नाही. माझं प्रोबेशन वर्षभर वाढलं. मामा बॉयलरवर परत आले, शेऱ्याखाली 'रद्द' अशी ओळ पडली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पण मामा भट्टीचं दार उघडेनात. जाळाचा रंग बघेनात. हवा वाढवायची झाली तर माझ्याकडे माणूस पाठवत, कमी करायची झाली तरी पाठवत. जळण ओलं आलं, काय करायचं, लिहून द्या. मी बॉयलरवर जाऊन म्हणालो की मामा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते म्हणाले, "आसंल. पण लिवून द्या."

मी टोमणा समजून रागावणार होतो. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते टोमणा मारत नव्हते. त्यांचा खरोखरच स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता, आणि तो माझ्या एका पानाने उडवला होता.

मी तिथेच कागद घेतला आणि लिहिलं की भट्टी मामांच्या अंदाजाने चालवावी, काट्यात आणि त्यांच्या नजरेत फरक पडल्यास त्यांची नजर ग्राह्य धरावी. खाली सही केली, तारीख घातली.

मामांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"याच्यावर शिक्का लागंल," ते म्हणाले.

मी शिक्का आणायला ऑफिसकडे निघालो.