घाटघरपर्यंत दोन लॅपटॉप

मंचरच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या एका खांद्यावर एक लॅपटॉप होता आणि दुसऱ्या खांद्यावर दुसरा. हौस म्हणून नव्हे. मी कानांची तपासणी करते. शिबिरांत लोकांना श्रवणयंत्रं मिळतात, ती लॅपटॉपला जोडून ज्याच्या-त्याच्या कानाला जुळवून देणं हे माझं काम. जुना लॅपटॉप निकामी झाला, तेव्हा दुकानदाराने दोन छोटे लॅपटॉप पुढे ठेवले आणि म्हणाला, "दौऱ्यावर दोन्ही वापरून बघा, आवडेल तो ठेवा." त्या वेळी मला तो फार उदार वाटला होता.

एक रुपेरी, वहीसारखा पातळ, मोबाइलच्या चार्जरवरही चालणारा. दुसरा काळा, जाडजूड, आणि त्याचा चार्जर म्हणजे वेगळं वीटभर ओझं. मनातल्या मनात मी रुपेरीला होकार देऊन टाकला होता.

लोणीला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. शाळेच्या पडवीत टेबल मांडून रुपेरी उघडला. आरशासारखा चकचकीत पडदा! श्रवणाच्या आलेखाच्या जागी माझंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. त्यात त्याची सगळी भोकं बारीक आणि माझ्या उपकरणाची वायर रुंद तोंडाची. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागे, आणि तो जरा हलला की जोडणी तुटे. समोर बसलेल्या आजोबांच्या कानात यंत्र घालून मी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले,

"बाई, ह्यालाच कमी आयकू येतंय. आदी त्याच्या कानात घाला!"

अख्खी पडवी हसली. मीही हसले, पण दात आवळून. उरलेलं सगळं काम अंगठ्याने कन्व्हर्टर दाबून धरून, एका हाताने उरकलं.

दुसऱ्या दिवशी नारायणगावावरून निमगाव सावाला गेले आणि तिथे काळा काढला. वायर पहिल्या झटक्यात बसली. पडदा उन्हातही वाचता येत होता. मी खूश होऊन पहिलं नाव पुकारलं, आणि त्याच क्षणी पडदा निळा झाला. 'अपडेट सुरू आहे. बंद करू नका.' मधोमध एक गोल फिरू लागला. माणसं माझ्याकडे बघत होती, मी त्या गोलाकडे. ज्यांच्या ओसरीवर शिबिर होतं, त्या वहिनी शेवटी म्हणाल्या, "त्याचं व्हईल तवा व्हईल. तुमी जेवून घ्या." ताटात मासवडी होती (नाव मासळीचं, पण आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बाहेर बेसन), सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. एवढं उत्तम जेवण मी इतक्या वैतागलेल्या मनाने कधी जेवले नसेन. काम संपेपर्यंत काळ्याची बॅटरी तळाला गेली.

मुक्काम जुन्नरला. लॉजवर काळा चार्जिंगला लावून झोपले. सकाळी बघते तर जसाच्या तसा, मेलेला. खाली लॉजचे मालक रफिकभाई चहा पीत होते.

"त्या खोलीचा प्लग ढिला हाय, म्याडम."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुमी कुटं इचारलं?"

घाटघरची जीप सुटत होती. रुपेरी पूर्ण भरलेला होता, म्हणून त्याच्या भरवशावर निघाले. कन्व्हर्टर पुन्हा नीट बसेल की नाही या भीतीने तो मी काढलाच नव्हता. माणिकडोहच्या पाण्याकाठाने जीप वळणं घेत होती. पाणी निळंशार होतं आणि मी तब्बल तासाभराने पहिल्यांदा शांतपणे श्वास घेत होते. तेवढ्यात खड्डा आला आणि मागचं बटाट्याचं पोतं माझ्या पिशवीवर कोसळलं. उघडून पाहिलं. लॅपटॉप शाबूत होता, कन्व्हर्टर मात्र मधोमध मोडला होता.

घाटघरला उतरले तेव्हा समोर जीवधन गड उभा होता आणि नाणेघाटाकडून भणाणता वारा येत होता. त्या वाऱ्याने गावातली वीज सकाळीच गेली होती. म्हणजे एका लॅपटॉपला चार्जिंग होतं पण वायर लागत नव्हती, आणि दुसऱ्याला वायर लागत होती पण चार्जिंग नव्हतं. दोन्ही उचलून दरीत भिरकवावेत असं मला मनापासून वाटलं.

वाट बघत बसलेलं जोडपं होतं सखाराम आणि चिमाबाई. वाडीवरून चालत आले होते. चिमाबाईंना मागच्या शिबिरात यंत्र मिळालं होतं, पण ते कानात शिट्ट्या मारायचं म्हणून डब्यात पडून होतं. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर.

"दोन वरसं झाली, ताई, घरात बोलणंच न्हाई," सखाराम म्हणाले. "वरडून वरडून घसा बसतो, आन् घरातलं समदं शेजाऱ्याला कळतं. मंग मी बी गप, ती बी गप."

मी विजेची अडचण सांगितली. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग. सवय झालीया आता."

ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. "थांबा," मी म्हटलं. "गावात कुठेच वीज नाही? बॅटरी, इन्व्हर्टर, काहीही?"

"पावण्यांच्या खोल्या हायेत नव्हं, तितं छपरावर सोलार हाय."

आम्ही तिघं निघालो. गडावर येणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या खोल्यांच्या अंगणात काळ्याचा तो विटेसारखा चार्जर लावला. दिवा पेटला. लॅपटॉप सुरू होईपर्यंत मी त्याला नाही नाही ते बोलले, पण तो सुरू झाला, आणि या वेळी अपडेट मागितलं नाही. चिमाबाईंच्या कानात यंत्र बसवलं. शिट्टी घालवली, आवाज पायरीपायरीने वाढवला. त्यांनी एकदम मान वर केली. झाडावर पाखरं भांडत होती.

"आता तुम्ही बोला," मी सखारामांना म्हटलं.

ते गोंधळले. मग हात तोंडाशी धरून, सवयीने, जीव खाऊन ओरडले, "च्या घेनार का?"

चिमाबाई दचकल्या. "वरडता कशाला? आयकू येतंय मला."

सखारामांचा हात तसाच तोंडाशी राहिला. मग तो खाली आला, आणि ते साध्या आवाजात म्हणाले, "बरं. मंग बस हितं. लई सांगायचं ऱ्हायलंय."

दोघं पायरीवर बसले. मी वायर गुंडाळत राहिले, हवा त्यापेक्षा जास्त वेळ.

पुण्यात दुकानदाराला रुपेरी परत दिला. "का हो, मॅडम? हलका होता की!" हलका होता, खरंच. काळ्याचा चार्जर वाहून खांदा अजून दुखतो आणि त्याचं अपडेट मी कधीच माफ करणार नाही. पण कामाच्या जागी माझी वायर त्याला थेट लागते, एवढं मला पुरे. पुण्यातल्या दुकानाच्या टेबलावर दोन्ही गुणीच वाटतात.

घरी पोचले तेव्हा नवरा मोबाइल बघत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कसा झाला दौरा?" एरवी मी "ठीक" म्हणून आत गेले असते. आज पिशवी दारातच ठेवली, त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तो फोन ठेव. लोणीपासून सांगते."